चार रात्री, चोंगचिंग

प्रेस्टनमध्ये रविवार म्हणजे कपडे न वाळण्याचा वार.
रेडिएटरवर मोजे, खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल,
आणि जेवणाच्या टेबलावर, तेलाचा डाग चुकवून,
हेरंबनं चोंगचिंग पसरलंय.
ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेले चार कागद जोडून.
नदीच्या ऐन मध्यावर सेलोटेप आली आहे.

चोंगचिंगच का?
तिकीट स्वस्त, म्हणून.
मँचेस्टरहून निघायचं, मध्ये अकरा तास
कुठल्याशा विमानतळावर बाकावर आडवं व्हायचं,
सात किलोंच्या वर चमचाही न्यायचा नाही.
शांघाय बघून झालं. आमच्या पैशात तिथं
खोली म्हणून कपाट मिळतं.

मी वहीत मांडते. डावीकडे पौंड, उजवीकडे युआन,
आणि मनातल्या मनात, सवयीनं, रुपये.
रुपयांत काहीच परवडत नाही.
रुपयांत तर मला प्रेस्टनसुद्धा परवडत नाही.

नदीकडची खिडकी नको, बारा पौंड वाचतात.
नदी काय, खाली उतरून बघू.
हेरंब सांगतो, तिथं म्हणे रस्त्यावरून सरळ आत शिरावं
तर तो इमारतीचा बाविसावा मजला निघतो.
मी विचारते, लिफ्टला पैसे पडतात का?
थर्मास घ्यायचा. मेतकूट घ्यायचं, भात कुठंही मिळेल.
‘मी मांस खात नाही’ एवढं तो घोकून घेतो माझ्याकडून,
वो बू छ्र रो, वो बू छ्र रो,
माझा सूर पडायच्या जागी चढतो.
काय खात नाही म्हणतेय मी, देव जाणे.

त्याचा पासपोर्ट निळा. माझा अजून तोच, सिंहांचा.
त्याचं काम एका दुपारीत उरकलं,
माझा फॉर्म पानामागून पान उलटतोच आहे.
आईची जन्मतारीख.
ती आईलाही माहीत नव्हती;
शाळेत घालताना मास्तरांनी ठरवलेली टाकते.
पुढे: तिथे कोणाला भेटणार? नाव. नातं.

तेवढ्यात कऱ्हाडहून कुमुदताईचा फोन.
‘अगं, तेवढ्या पैशात इकडं आली असतीस.’

एकोणीस वर्षं, ताई, इकडेच आले.
वन्संच्या मुलाची मुंज. बँकेत अंगठा.
आईचे दात, मग पुढच्याच वर्षी आईचं दहावं.
तेवीस किलो जाताना: बदाम, शाम्पू,
नावं घालून बांधलेले चॉकलेटचे पुडे,
एक पुडा कमी पडला की वर्षभर पुरणारं बोलणं.
तेवीस किलो येताना: लोणचं, आणि न घातलेल्या साड्या.
रजा माझी, हजेरी तुमची.
मला एकदा अशा गावात उतरायचंय
जिथं कुणी म्हणणार नाही, किती वाळलीस,
कुणी म्हणणार नाही, जाड झालीस,
जिथं चुकीच्या बसमध्ये बसले
तर फक्त बस चुकेल.

हे काही मी बोलले नाही.
‘हो गं, दिवाळीला बघू’, म्हटलं,
तिच्या गुडघ्याची चौकशी केली,
दहा मिनिटं गुडघ्यावर गेली.

मग पेन उचललं. नाव, नातं
या दोन्ही रकान्यांत, मोठ्या, सुट्या अक्षरांत,
शाळेत पाटीवर काढायचे तसं वळण देऊन
लिहिलं: कुणी नाही.

हेरंब ताणकाट्यावर सॅक टांगून वजन करत होता.
दोन जोड कपडे, थर्मास, मेतकूट, माझ्या गोळ्या.
पाच किलो.
‘आणि न्यायला काय घ्यायचं?’ तो सवयीनं म्हणाला,
‘म्हणजे, तिथल्या लोकांना…’
आणि थांबला.

दोन किलो उरत होते.
आम्ही दोघं काट्याकडं बघत राहिलो.
त्यात काय भरायचं ते
आम्हाला सुचेना.